नागपूरची लोकसंख्या नेमकी किती? जनगणनेचे आकडे वाचताना पडणारे प्रश्न

जनगणनेच्या आकडेवारीबद्दल वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे इथे देत आहोत. बहुतेक प्रश्न २०११ च्या जनगणनेचे आहेत. गाव आणि वॉर्डापर्यंत उतरणारी आपल्या हाती असलेली शेवटची पूर्ण मोजणी तीच आहे.

नागपूरची २०११ ची लोकसंख्या कुठे २४ लाख ५ हजार दिसते, कुठे जवळजवळ २५ लाख, कुठे ३१ लाख, तर कुठे साडेसेहेचाळीस लाख. यातली खरी कोणती? — एक वाचक, धरमपेठ

चारही खऱ्या आहेत. प्रत्येक आकड्यामागची हद्द तेवढी वेगळी आहे.

नागपूर जिल्हा ४६,५३,५७०. त्यातला नागरी भाग ३१,७८,७५९ आणि ग्रामीण भाग १४,७४,८११. नागपूर महानगरपालिका २४,०५,६६५. महानगरपालिका आणि तिला लागून सलग वाढलेली वस्ती धरून होणारा ‘नागपूर नागरी समूह’ २४,९७,८७०.

वजाबाकी केली की बरेच काही उलगडते. नागरी समूहातून महानगरपालिका वजा करा, ९२,२०५ उरतात. ही माणसे शहराला चिकटून राहतात, पण २०११ मध्ये ती महापालिकेच्या हद्दीबाहेर होती. जिल्ह्याच्या नागरी लोकसंख्येतून महानगरपालिका वजा केली तर ७,७३,०९४ उरतात. यात कामठी, उमरेड, काटोल, सावनेर यांसारख्या नगरपरिषदा, कामठी छावणी आणि वाडीसारखी ‘जनगणना शहरे’ (कारभार ग्रामपंचायतीचा, पण जनगणनेत शहर धरलेली गावे) येतात. त्यामुळे जिल्ह्याची नागरी लोकसंख्या ३१ लाख वाचून ‘नागपूर शहर ३१ लाखांचे’ असे कुणी छापले, तर त्याने उमरेड-काटोलही शहरात ओढून आणले, असे समजावे.

नावामुळेही घोटाळा होतो. जनगणनेच्या यादीत ‘नागपूर’ या नावाने जिल्हा आहे, महानगरपालिका आहे, नागरी समूह आहे आणि वर दोन तालुकेही आहेत: नागपूर शहर आणि नागपूर ग्रामीण. सहा जिल्ह्यांचा नागपूर विभाग ही महसुली रचना आहे. त्याचा आकडा हवा असेल तर सहा जिल्ह्यांची बेरीज स्वतः करावी लागते.

तुमच्याकडे २४,०५,४२१ असा आकडा असेल तर तोही चुकीचा नाही. तो २०११ मध्येच जाहीर झालेला तात्पुरता आकडा आहे, नंतर तो २४,०५,६६५ असा अंतिम झाला. फरक लहान आहे, पण एकाच तक्त्यात एक आकडा तात्पुरता आणि दुसरा अंतिम असा घेऊ नका.

वाडीला २०११ मध्ये ग्रामपंचायत होती. मग जनगणनेत ती ‘नागरी’ भागात का दाखवली आहे? — पदव्युत्तर विद्यार्थिनी, अमरावती मार्ग

जनगणनेत शहर दोन वाटांनी ठरते. महानगरपालिका, नगरपरिषद, छावणी मंडळ असे काही कायद्याने स्थापन झालेले असले की ते वैधानिक शहर, मग तिथे किती लोक राहतात हे पाहत नाहीत. दुसरी वाट जनगणना शहराची. तिच्या अटी तीन आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात: लोकसंख्या किमान ५,०००, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात आणि घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००. वाडी २०११ मध्ये या दुसऱ्या वाटेने शहर ठरली. नगरपरिषद तिथे नंतर आली.

याचा परिणाम गंभीर आहे आणि तो फारसा कुणी लक्षात घेत नाही. जनगणना शहर आकडेवारीत नागरी असते, पण कारभार ग्रामपंचायतीचाच असतो. म्हणजे जिल्हा परिषदेच्या कार्यक्षेत्रातली माणसे १४,७४,८११ पेक्षा बरीच जास्त होती. पंचायत समितीचा आराखडा करताना कुणी जनगणनेचा ‘ग्रामीण’ रकाना जसाच्या तसा उचलला, तर शहराजवळच्या दाट वस्तीच्या ग्रामपंचायती हिशेबातून पार गळतात. पाणी, कचरा आणि शाळांचा ताण सर्वांत जास्त याच वस्त्यांवर असतो. हिंगणा, कामठी, नागपूर ग्रामीण या तालुक्यांचे काम करताना गावांच्या बेरजेत जनगणना शहरे वेगळी मिळवून घ्या.

आणखी एक गोष्ट. २०११ ची जनगणना शहरे प्रत्यक्ष मोजणीच्या आधीच ठरवली गेली होती, तीही २००१ च्या आकड्यांवरून. २००१ मध्ये ४,००० लोकसंख्या असलेले गाव २०११ पर्यंत ५,००० ओलांडेल असे धरून ही निवड झाली. त्यामुळे २००५ नंतर झपाट्याने वाढलेली एखादी वस्ती तिन्ही अटी पूर्ण करत असूनही २०११ च्या यादीत गावच राहू शकते.

जनगणनेच्या संकेतस्थळावरून नागपूर जिल्ह्याची गावनिहाय फाइल उतरवली. एक्सेलमध्ये लोकसंख्येच्या रकान्याची बेरीज केली तर अडीच कोटींच्या पुढे जाते. फाइल बिघडली आहे का? — स्वयंसेवी संस्थेतील कार्यकर्ता, सीताबर्डी

फाइल चांगली आहे. तुम्ही एकाच माणसाला पाच-सहा वेळा मोजले आहे.

ही फाइल म्हणजे प्राथमिक जनगणना गोषवारा, इंग्रजी आद्याक्षरांनी पीसीए. तिच्यात सगळे भौगोलिक स्तर एकाखाली एक दिलेले असतात. आधी जिल्हा येतो आणि त्याच्या तीन ओळी असतात: एकूण, ग्रामीण, नागरी. मग प्रत्येक तालुक्याच्या तशाच तीन ओळी. त्याखाली गावे आणि शहरे. शहराच्या ओळीखाली पुन्हा त्याच शहराचे वॉर्ड. जिल्ह्याच्या तीन ओळींत लोकसंख्या दोनदा आली, तालुक्यांत आणखी दोनदा, गावे-शहरे मिळून एकदा आणि वॉर्डांमुळे शहरी माणसे आणखी एकदा.

‘लेव्हल’ नावाच्या रकान्याला फिल्टर लावा आणि फक्त ‘व्हिलेज’ आणि ‘टाउन’ या दोनच खुणा ठेवा. आता ‘टीओटी_पी’ (एकूण लोकसंख्या) रकान्याची बेरीज करा. ती ४६,५३,५७० आली पाहिजे. आली नाही तर पुढचे कोणतेही काम करू नका, आधी कोणती ओळ जास्तीची आहे किंवा कोणती सुटली आहे ते शोधा. हा ताळा प्रत्येक जिल्ह्यासाठी लावता येतो, कारण बेरीज ज्याच्याशी जुळवायची तो आकडा त्याच फाइलमध्ये जिल्ह्याच्या ‘एकूण’ ओळीत दिलेला असतो.

एक्सेलमध्ये दुसरा त्रास कोडचा होतो. राज्याचा कोड दोन अंकी, महाराष्ट्र २७. जिल्ह्याचा तीन अंकी, नागपूर ५०५. तालुक्याचा पाच अंकी, गाव किंवा शहराचा सहा अंकी. तालुक्याचे कोड शून्याने सुरू होतात आणि एक्सेल ते आकडा समजून सुरुवातीचे शून्य खाऊन टाकते. मग दोन फाइली जोडायला गेले की निम्म्या ओळी जुळतच नाहीत. फाइल नुसती डबल क्लिक करून उघडण्याऐवजी ‘डेटा’ मेनूतून आत घ्या आणि कोडचे रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून निवडा.

जोडणी नावावरून कधीच करू नका, कोडवरूनच करा. एकाच तालुक्यात एकाच नावाची दोन गावे असतात, कुठे बु. आणि खु. एवढाच फरक असतो आणि रोमन लिपीतले स्पेलिंग २००१ मध्ये एक तर २०११ मध्ये दुसरे. २००१ चे गाव-कोडही २०११ ला चालत नाहीत. त्या दोन वर्षांची सांगड घालताना जुन्या-नव्या कोडची तुलनात्मक यादी शेजारी हवीच.

मला माझ्या प्रभागाची लोकसंख्या हवी आहे. जनगणनेत वॉर्ड आहेत, पण ते आमच्या प्रभागाशी जुळत नाहीत. — एक वाचक, नंदनवन

जुळणारही नाहीत. जनगणनेआधी सर्व प्रशासकीय हद्दी गोठवल्या जातात. २०११ साठी त्या ३१ डिसेंबर २००९ रोजी गोठवल्या होत्या. नागपूर महानगरपालिकेत २००७ ला १३६ जागा होत्या, २०१२ ला १४५ झाल्या, २०१७ ला ३८ प्रभागांत १५१. म्हणजे जनगणनेचे वॉर्ड आखले तेव्हा २०१२ ची रचनासुद्धा अस्तित्वात नव्हती. हुडकेश्वर-नरसाळा तर २०१३ मध्ये महापालिकेत आले. २०११ च्या शहराच्या आकड्यात ते धरलेलेच नाहीत.

तरी तुमचे काम अडणार नाही. वॉर्डाच्या खाली प्रगणन गट असतो, म्हणजे एका प्रगणकाला (घरोघरी जाऊन मोजणी करणाऱ्याला) वाटून दिलेला भाग. साधारण सहाशे ते आठशे माणसांचा असतो. या गटांचे आकडे सर्वांसाठी प्रसिद्ध होत नाहीत, मात्र निवडणुकीची प्रभागरचना करताना हेच गट जोडून प्रभाग बांधतात. म्हणून प्रभागरचनेच्या अधिसूचनेत प्रत्येक प्रभागाची २०११ ची एकूण लोकसंख्या, अनुसूचित जातींची आणि अनुसूचित जमातींची लोकसंख्या, व्याप्ती आणि चतुःसीमा दिलेली असते. महानगरपालिकेच्या निवडणूक विभागाकडे ती मिळते. तुम्हाला हवा तो आकडा तिथेच आहे. साक्षरता, कामगार, घरे ही माहिती मात्र प्रभागनिहाय मिळणार नाही, त्यासाठी जुन्या वॉर्डांवरच थांबावे लागेल.

महापालिकेचे दहा झोन, पिनकोड, पोलीस ठाण्याची हद्द, विधानसभा मतदारसंघ यांपैकी काहीही जनगणनेचा स्तर नाही. पिनकोडनुसार लोकसंख्या सांगणारा तक्ता कुठे दिसला तर तो कुणीतरी अंदाजाने वाटणी करून केलेला आहे, असे समजा आणि ती वाटणी कशी केली ते विचारा.

आमच्या गट ग्रामपंचायतीत तीन गावे आहेत. जनगणनेत ग्रामपंचायतीचे नाव सापडते, पण आकडा फारच कमी वाटतो. — ग्रामपंचायत सदस्य, कुही तालुका

जनगणनेचे गाव म्हणजे महसुली मौजा, महसूल दप्तरात स्वतंत्र नोंद असलेले गाव. ग्रामपंचायतीच्या नावाने जे गाव तुम्हाला सापडले, ते त्या नावाचा एकटा मौजा आहे. उरलेली दोन गावे त्याच तालुक्याच्या यादीत वेगळ्या ओळींवर असतील. तिन्हींची बेरीज करा. टोला किंवा पाडा वेगळा दिसणार नाही, तो ज्या मौजात येतो त्यातच मोजलेला असतो.

यादीत काही गावांपुढे शून्य लोकसंख्या दिसेल. ती आपल्याकडची रिठी गावे: महसुली दप्तरात मौजा आहे, शेती आहे, राहणारे कुणी नाही. शून्य दिसले म्हणून ओळ पुसू नका. गावाचे क्षेत्रफळ त्या ओळीलाही असते आणि ती पुसली की तालुक्याच्या घनतेचा हिशेब चुकतो. क्षेत्रफळ गावांसाठी हेक्टरमध्ये आणि शहरांसाठी चौरस किलोमीटरमध्ये दिलेले असते, तेव्हा घनता काढण्यापूर्वी हेक्टरला शंभराने भागा.

शाळा, दवाखाना, पाणी, बस अशा सोयींची गाववार माहिती जिल्हा जनगणना पुस्तिकेच्या अ भागात आहे, लोकसंख्येचा गोषवारा ब भागात. अ भागात एखादी सोय गावात नसेल तर ती किती लांब आहे हे अक्षरांनी दिले आहे: ए म्हणजे ५ किलोमीटरच्या आत, बी म्हणजे ५ ते १०, सी म्हणजे १० च्या पलीकडे.

नागपुरात बौद्ध लोकसंख्या आणि अनुसूचित जातींची लोकसंख्या या एकच समजायच्या का? दोन्हींची बेरीज करता येते का? — एक वाचक, इंदोरा

एकच समजू नका आणि बेरीज तर मुळीच करू नका. ‘बौद्ध’ हे उत्तर धर्माच्या प्रश्नाचे आहे, ‘अनुसूचित जाती’ हे दुसऱ्या प्रश्नाचे. एकच माणूस दोन्ही तक्त्यांत असू शकतो.

अनुसूचित जातींची यादी १९५० च्या संविधान आदेशाने लागू झाली. तेव्हा ती हिंदूंपुरती होती. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध तिच्यात आले. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर झालेल्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील बौद्धांची नोंद १९५१ मधील २,४८९ वरून १९६१ मध्ये २७,८९,५०१ झाली. हे सारे लोक १९६१, १९७१ आणि १९८१ च्या जनगणनेत अनुसूचित जातींच्या आकड्याबाहेर राहिले. म्हणूनच महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ मध्ये सुमारे ७ टक्के आणि १९९१ मध्ये एकदम ११ टक्के दिसते. दहा वर्षांत माणसे इतकी वाढली नाहीत, व्याख्या बदलली. १९८१ आणि १९९१ यांना जोडणारा आलेख ही टीप दिल्याशिवाय काढणे म्हणजे वाचकाची दिशाभूल करणे आहे.

२०११ मध्ये राज्यात ६५ लाख ३१ हजार बौद्ध होते. त्यांपैकी अनुसूचित जाती म्हणून नोंद झालेले सुमारे ५२ लाख. उरलेले १३ लाख कुठे गेले? प्रगणकाला नुसते ‘अनुसूचित जाती’ एवढे उत्तर चालत नाही, राज्याच्या यादीतल्या जातीचे नाव सांगावे लागते. ज्याने धर्म बौद्ध सांगितला पण जातीचे नाव सांगितले नाही, त्याची गणना बौद्धांत होते, अनुसूचित जातींत होत नाही. नाव सांगायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या जाणिवेचा प्रश्न आहे. आकडे वापरणाऱ्याने मात्र एवढे ओळखावे की अनुसूचित जातींचा आकडा हा ‘यादीतले नाव सांगितलेल्यांचा’ आकडा आहे. वस्तीच्या योजनेचा निधी त्याच आकड्यावर ठरत असेल, तर बौद्ध वस्ती मोठी असलेल्या उत्तर नागपुरात त्याचा परिणाम किती होईल हे वेगळे सांगायला नको. अनुसूचित जातींचे धर्मनिहाय तक्ते वेगळे प्रसिद्ध झाले आहेत, दोन्हींत मोडणाऱ्यांचा आकडा तिथे पाहा.

अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही.

साक्षर भागिले एकूण लोकसंख्या, असे करून आमच्या गावाचा साक्षरता दर ७० टक्के आला. पुस्तिकेत ८० आहे. — शिक्षक, भिवापूर

जनगणनेत साक्षरता सात वर्षांपासून पुढे मोजतात. भाजकातून ० ते ६ वयाची मुले वजा करा. गाव १,२०० चे, मुले १५०, साक्षर ८४० असतील तर ८४० ला १,०५० ने भागायचे, उत्तर ८०. फाइलमधल्या ‘निरक्षर’ रकान्यातही ही १५० बाळे धरलेली असतात. म्हणून तिथला ३६० हा आकडा प्रौढ साक्षरता वर्गासाठी वापरायचा नाही. खरे निरक्षर २१०, आणि त्यांतही शाळकरी वयाची मुले आहेत.

भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ ते २००१ मध्ये निम्म्याने घटलेली दिसते. स्थलांतर एवढे होते? — एक वाचक, भंडारा

नाही. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. दशकांची तुलना करायची तर जनगणनेचा ए-२ हा तक्ता घ्या. त्यात १९०१ पासूनचे आकडे तो तक्ता ज्या जनगणनेचा आहे तिच्या वेळच्या हद्दीनुसार जुळवून दिलेले असतात. चंद्रपूर-गडचिरोलीलाही, १९८२ च्या विभाजनामुळे, हीच काळजी घ्यावी लागते.

मुलगा पुण्यात नोकरीला आहे, रेशनकार्डावर नाव इथे आहे. जनगणनेत तो कुठे मोजला जातो? — एक वाचक, मानेवाडा

जिथे राहतो तिथे. रेशनकार्ड, मतदारयादी, आधार यांचा संबंध नाही. २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी या काळात जो सबंध वेळ घराबाहेर होता, त्याला त्या घरात मोजले नाही. वसतिगृहातला विद्यार्थी वसतिगृहात, ‘संस्थात्मक कुटुंबा’त मोजला गेला. म्हणून वसतिगृहे जास्त असलेल्या वॉर्डात तरुणांचे प्रमाण फुगलेले दिसते.

आजोबांचे १९५१ चे जनगणनेतले नाव पुरावा म्हणून मिळेल का? — एक वाचक, रामटेक

मिळणार नाही. जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ नुसार वैयक्तिक नोंदी कुणालाही पाहता येत नाहीत आणि न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाहीत. जुन्या वास्तव्याच्या पुराव्यासाठी अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची नोंद), शाळेचा दाखला, कोतवाल बुक (गावातील जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) यांकडे वळा.

२०११ चे आकडे आता शिळे झाले. आज आराखडा करायचा तर काय वापरावे? — वास्तुविशारद, सदर

केंद्राच्या तांत्रिक गटाने २०११ ते २०३६ चे लोकसंख्येचे अंदाज दिले आहेत, पण ते राज्यापर्यंतच उतरतात. जिल्ह्यासाठी २००१ चे ४०,६७,६३७ आणि २०११ चे ४६,५३,५७० घेऊन दशकाचा १४.४ टक्के वाढीचा दर पुढे चालवतात. जिल्ह्याच्या ढोबळ अंदाजाला तो ठीक आहे. तोच दर वॉर्डाला लावणे चूक आहे: महालासारख्या जुन्या भागात नव्या वस्तीला जागा फारशी नाही, तर दक्षिणेकडे वर्धा आणि उमरेड मार्गांवर शेतांची ले-आउट झाली. अशा ठिकाणी घरपट्टीच्या नोंदी आणि उपग्रहचित्रातील छपरे मोजून, २०११ च्या दर कुटुंबातील सरासरी माणसांनी गुणणे जास्त विश्वासाचे. मतदारयादी घेतली तर १८ वर्षांखालचे सगळे सुटतात आणि बाहेरगावी गेलेल्यांची नावे तशीच राहतात.

पुढच्या जनगणनेसाठी घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ आणि लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ असा जाहीर झाला आहे, संदर्भक्षण, म्हणजे लोकसंख्या ज्या क्षणाची धरायची तो क्षण, १ मार्च २०२७ सुरू होतानाची मध्यरात्र. हद्दी ३१ डिसेंबर २०२५ रोजी होत्या तशाच धरल्या जातील. तोवरचे काम २०११ च्या मौजा आणि वॉर्डांच्या कोडवर बांधून ठेवा आणि २०११ नंतर महापालिकेत किंवा नगरपरिषदेत गेलेल्या प्रत्येक गावाची तारीख एका वेगळ्या रकान्यात लिहा. नवे आकडे आले की जुन्यांशी जोडताना याच रकान्याची गरज पडेल.